मापं पुन्हा घ्या

म्हापसा, गोवा

ती. आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

तुम्हा दोघांचे कपडे यापुढे मी इथून शिवून पाठवणार आहे. त्यासाठी तुमची मापं हवीत आणि ती नव्याने घेतलेली हवीत. आईच्या कपाटातल्या वहीत लिहून ठेवलेली नकोत. ती मापं आई पन्नाशीत होती तेव्हाची आहेत.

हे अचानक का सुचलं, ते सांगते. गेल्या दिवाळीत तिकडे इचलकरंजीला आले होते तेव्हा आई सकाळी ब्लाउजचे हूक लावताना दोनदा थांबली. बोटांचे सांधे सुजलेले, हूक बारीक आणि दुसऱ्या हाताने ओढायचं तर खांदा वर जात नाही. आई काही बोलली नाही, पदर घेतला आणि चहा टाकायला गेली. बाबा, तुमच्या नव्या रेडिमेड कुर्त्याचंही तसंच. मागची किनार वर चढलेली, पुढची खाली लोंबलेली, आणि तुम्ही सारखा गळा पुढे ओढत होतात. वहिनी म्हणाली की, एक साइज मोठा आणायला हवा होता. मला ते पटलं नाही. मोठा साइज आणला असता तर खांदे उतरले असते आणि मागची किनार तेवढीच वर राहिली असती.

कारण साधं आहे. दुकानातला कपडा ताठ पाठीच्या माणसासाठी बेतलेला असतो. वयानुसार पाठीला थोडा बाक आला की पाठीवरून जाणारं अंतर वाढतं आणि पोटाकडचं कमी होतं. मागच्या भागाला इंचभर कापड जास्त लागतं, पुढच्या भागातलं तितकं काढावं लागतं. आपल्या माणसासाठी शिवताना ते सहज जमतं. म्हणून मला वाटतं, घरी शिवण्याचा खरा उपयोग म्हातारपणी होतो. तरुण अंगावर दुकानातलं काहीही चालून जातं.

तर मापं अशी घ्या. वहिनीला सांगा, मी फोनवर असेनच. आधी कमरेला नाडी बांधायची, म्हणजे कंबर एकाच जागी राहते. मान खाली घातली की मागे एक हाड हाताला लागतं. तिथून नाडीपर्यंत, पाठीच्या बाकावरून, टेप ताणायचा नाही. मग पुढून, मानेजवळच्या खांद्यापासून नाडीपर्यंत. छातीचा घेर, दंडाचा घेर, मनगट. सीटचा घेर उभं राहून एकदा आणि खुर्चीत बसून एकदा. बसल्यावर तो वाढतो आणि दिवसातला जास्त वेळ तुम्ही बसलेलेच असता. आणि बाबा, टेप लावला की माणूस आपोआप ताठ होतो, तसं करू नका. वर्तमानपत्र वाचायला जसे उभे राहता तसेच उभे राहा.

आईचे ब्लाउज पुढूनच उघडणारे ठेवणार आहे, पण हुकांऐवजी मोठी चपटी बटणं. टिचबटणांचा विचार केला होता. ती दाबायला अंगठ्याचा जोर लागतो, म्हणून सोडून दिला. वेल्क्रो सोपं असतं, पण ते साडीच्या पदराला अडकतं आणि धागे ओढतं. बटण लावताना खाली काडेपेटीतली काडी ठेवते, वरून टाके घालते, मग काडी काढून बटणाखाली दोऱ्याचे वेढे देते. बटण कापडापासून जरा उचललेलं राहतं आणि बोटात धरता येतं. काज आडवं घेते, म्हणजे ताण आला तरी बटण निसटत नाही.

खांद्यासाठी मात्र मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, बदलावा लागेल. लोकांना वाटतं की हात वर जात नसेल तर मुंढा खोल करावा. खरं तर खोल मुंढ्यामुळे हात उचलला की सगळा कपडाच वर ओढला जातो. मुंढा काखेजवळ ठेवायचा आणि काखेत एक चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा. जुन्या सदऱ्यांना असा तुकडा असायचा. आज्जी आमची झबली तशीच शिवायची. सरळ पट्ट्या कापायच्या, काखेत चौकोन घालायचा, कापड वाया जात नाही आणि हाताला जागा मिळते. पूर्वीच्या बायकांना हे कोणी वर्गात शिकवलं नव्हतं. त्यांना कापड महाग होतं आणि हातांना दिवसभर काम होतं.

आईच्या गाऊनची आणि बाबांच्या पायजम्याची उंची मी घोट्याच्या दोन बोटं वरच ठेवणार. आई, तुला लांब गाऊन आवडतो हे माहीत आहे. पण रात्री न्हाणीघरात जाताना पायात येणारा गाऊन मला नको आहे, आणि यावर मी ऐकणार नाही. पायजम्याला नाडीऐवजी दीड इंची इलॅस्टिक, कंबरेपेक्षा दोन-अडीच इंच कमी घेतलेलं. नेफ्याला आतून छोटी फट ठेवते, इलॅस्टिक सैल पडलं की वहिनी तिथून नवं घालू शकेल.

आता कापडाचं. बाबा, इथे तुमची गरज आहे. इथल्या दुकानात मऊ, चमकदार कापड पुढे करतात आणि प्युअर कॉटन म्हणून सांगतात. तुम्ही शिकवलेलं मी अजून करते. कडेचा एक धागा ओढायचा आणि काडीने पेटवायचा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरडणारी राख म्हणजे सूत. वितळून काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. गोव्याच्या दमट हवेत पॉलिएस्टर अंगाला चिकटतं. जाड सूत पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून मी पातळ पॉपलिन आणि मलमल वापरते. गळ्याला आणि बाहीच्या टोकाला तिरप्या कापडाची पट्टी लावते, ती वळणावर बरोबर बसते. तिकडचं पॉपलिन इथल्यापेक्षा दाट विणलेलं असतं. चार मीटर पांढरं आणि तुमच्या आवडीचं फिकं निळं पाठवाल का? पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, चव्वेचाळीस इंची बघा. मी बेतण्याआधी रात्रभर भिजवून वाळवते. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आक्रसतं, ते अंगावर आक्रसण्यापेक्षा बादलीत आक्रसलेलं बरं.

इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. मशीन रोज वापरात नसेल तर आठ दिवसांत सुईवर गंजाचे ठिपके येतात आणि त्या सुईचे डाग पांढऱ्या कापडावर उतरतात. म्हणून शिवून झालं की सुई काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवते. तुम्ही मागे विचारलं होतंत की पायाच्या मशीनपेक्षा मोटरच्या मशीनला जास्त तेल लागतं का. तेल दोन्हीला सारखंच. आतली करामतही तीच आहे. सुईचं नेढं टोकाशी, वरचा एक दोरा, बॉबिनचा एक, आणि दोघांची गाठ कापडाच्या मधोमध पडायला हवी. एलियस हाव यांनी अमेरिकेत १८४६ साली पेटंट घेतलं ते याच टाक्याचं. गाठ वर दिसली की वरचा ताण सैल करायचा, खाली दिसली की आवळायचा. बाबा, यंत्रमागावरच्या धाग्यांचा ताण तुम्ही कानाने ओळखायचात. मी टीप उलटी करून बघते.

आईसाठी एक पिशवी शिवून झाली आहे, ती पार्सलमध्ये येईल. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला ती फार आवडली आहे.

कापड कुणबी चौकडीचं आहे, लाल आणि त्यावर पांढऱ्या रेघांचे चौकोन. इथल्या कुणबी बायका शेतात काम करताना ही साडी गुडघ्यापर्यंत नेसून खांद्यावर गाठ मारायच्या. गिरणीचं कापड स्वस्तात मिळू लागलं आणि हातमागावरची ही साडी मागे पडत गेली. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी २०१० च्या सुमारास ती पुन्हा लोकांसमोर आणली. ते कोलवाळला राहायचे, म्हणजे आमच्या इथून अगदी जवळ. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या त्या घरातच आता गोव्याच्या वस्त्रांचं संग्रहालय आहे. बाबा, तुम्ही आलात की तिथे जाऊ. तुमचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला हे तुम्ही आम्हाला कितीतरी वेळा सांगितलंत, आणि त्या मागांनी आपलं घर चालवलं. तरी हातमागाचं चांगलं कापड हातात आलं की तुम्ही ते उजेडाकडे धरून बघता, हेही मी पाहिलं आहे. म्हणून हे कापड तुम्हाला दाखवायचं आहे.

चौकडीच्या कापडाची पिशवी शिवणं वेळखाऊ असतं. दोन्ही बाजूंच्या शिवणीवर रेघेला रेघ मिळाली पाहिजे. मी प्रत्येक पांढऱ्या रेघेवर टाचणी लावली, वरची रेघ आणि खालची रेघ एकाच टाचणीत, मग धावदोऱ्याने कच्चं केलं आणि त्यानंतरच मशीनवर टीप मारली. आता शिवण कुठे आहे ते बोट फिरवल्यावरच कळतं. खालचे दोन्ही कोपरे त्रिकोणात चिमटून आडवी टीप घातली की सपाट तळ होतो. पिशवी टेबलावर उभी राहते, कलंडत नाही. आतलं अस्तर मुद्दाम फिकं पिवळं घेतलं. काळ्या अस्तराच्या पर्समध्ये आईला किल्ली कधी सापडली आहे?

पट्टा निवारीचा, दीड इंच रुंद, एका खांद्यावरून तिरपा घालायचा. वजन एका जागी पडत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात, जिन्याचा कठडा धरायला. पट्टा जिथे पिशवीला जोडला आहे तिथे चौकोनात फुली अशी टीप आहे. तिथे कापड आणि निवार मिळून चार थर होतात, म्हणून अठरा नंबरची सुई लावली आणि मशीनचं चाक हाताने फिरवून एकेक टाका घातला. चेनच्या रनरला कापडाची कडी लावली आहे, त्यात बोट घालून ओढायचं. आत दोन खिसे आहेत. बटणाचा खिसा सकाळच्या गोळ्यांचा, उघडा खिसा चष्म्याचा. आई, यात गोळ्यांची अदलाबदल करू नकोस.

शेजारच्या आजींनी पिशवी बघितली. त्यांचं वय तुझ्यापेक्षा जास्त आहे. लहानपणी शाळेत मठातल्या सिस्टरांनी त्यांना क्रोशा शिकवला होता, अजून त्या खिडकीशी बसून विणतात. पिशवी उलटी करून आतल्या शिवणी तपासल्या, मग म्हणाल्या की, मलाही अशीच एक शिवून दे. त्यांच्यासाठी निळ्या चौकडीची करते आहे.

आई, एक विचारायचं आहे. तुझ्या जुन्या इरकल साड्यांपैकी जी विरली आहे, तिचे काठ मला देशील? बाहीच्या टोकाला आणि गळ्याला लावले तर ब्लाउज तुझेच वाटतील. साडी मनात ठेवायची असेल तर नको देऊ, मी दुसरे काठ बघेन.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आत पहिलं पार्सल पोचवायचं आहे. त्या दिवसांत इथे माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात पाय ठेवायला जागा नसते, पोस्टात जाणंही अवघड होतं. त्यामुळे मापं या रविवारी घ्या. पहिला कुर्ता मी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या जाड्याभरड्या सुती कापडाचा, कच्च्या टाक्यांचा पाठवेन. बाबांनी तो घालून बसावं, उठावं, हात वर करावेत, आणि वहिनीने पुढून, मागून, बाजूने फोटो काढावेत. जिथे ओढल्यासारखं वाटेल तिथे खडूने खूण करा. "चालतंय की" असं म्हणू नका बाबा, खरं सांगा. त्यावरूनच मी पॉपलिन कापणार आहे.

जावई नमस्कार सांगतात. पोरगी पिशवीला बटण लावायला बसली होती, ते बटण तिनेच लावलेलं आहे.

तुमची,
धाकटी