बंड्याचे सात खडे : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, पशुसंवर्धन विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : कुत्र्यामांजरांच्या (आणि बोकडांच्याही) मुतखड्याची तपासणी राज्यातच, परवडेल अशा दरात व्हावी याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

मी कराडचा. पोस्टात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. घरात मी, बायको आणि बंड्या. बंड्या म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे ‘पामेरियन’ म्हणतात तो पांढरा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा. खरं तर तो देशी स्पिट्झ, पण हे लोकांना सांगणं मी सोडून दिलं आहे.

२०२२च्या पावसाळ्यात हा गडी अंगणातल्या पेरूच्या बुंध्याशी तंगडी वर करून पाच-पाच मिनिटं उभा राहायला लागला. यायचं थेंब थेंब, तेही लालसर. आम्हाला वाटलं उष्णता झाली. मराठी घरात लघवीची कुठलीही तक्रार आधी उष्णतेच्याच खात्यावर जमा होते. धण्याचं पाणी झालं, सब्जा झाला. तिसऱ्या दिवशी थेंबही बंद. पोट टणक, उलट्या, डोळे निस्तेज. गावातल्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, “काका, इथे थांबू नका.” रात्री अकराला भाड्याची गाडी करून पुणे गाठलं. तिथे नळी घालून, सलाइनच्या दाबाने अडकलेला खडा मूत्राशयात मागे ढकलला आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून सात खडे काढले. सर्वात मोठा हरभऱ्याएवढा. एका छोट्या प्लास्टिकच्या डबीत घालून ते आमच्या हातात दिले. मी डबी देवघराशेजारच्या कपाटात ठेवली.

खडे कसले आहेत, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. साहेब, माझं सगळं पत्र या एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

मुतखडा हा एकच आजार नाही हे मला साठीनंतर, कुत्र्यामुळे कळलं. स्ट्रुव्हाइट नावाचा खडा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा. कुत्र्यात तो बहुतेक वेळा लघवीतल्या जंतुसंसर्गामुळे होतो, मांजरात बहुधा संसर्ग नसतानाच. हा खडा विरघळतो. योग्य आहाराने, आणि संसर्ग असेल तर जोडीला प्रतिजैविक देऊन, काही आठवड्यांत पोट न फाडता तो जाऊ शकतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली तर स्पष्टच सांगितलं की स्ट्रुव्हाइट आधी विरघळवायचा, सुरी नंतर. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र कशानेच विरघळत नाही. तो काढावाच लागतो आणि परत व्हायची त्याला खोड असते. तिसरा युरेटचा. डाल्मेशियन कुत्र्यांना तो जन्मजात दोषामुळे होतो, काही कुत्र्यांना यकृताच्या रक्तवाहिनीतल्या दोषामुळे. साध्या एक्स-रेत तो अनेकदा दिसतही नाही.

आता खरी मेख. लघवी आम्ल झाली की स्ट्रुव्हाइट विरघळायला मदत होते. तीच आम्ल लघवी ऑक्झलेटला आणि युरेटला खतपाणी घालते. एकाचं औषध ते दुसऱ्याचं खाद्य. आणि डबीतल्या खड्याकडे नुसतं बघून कुठला कोणता हे खात्रीने सांगता येत नाही. कधी आतला गाभा एकाचा आणि वरचं कवच दुसऱ्याचं असतं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑपरेशननंतर मी कंबर कसली. इंटरनेटवरून महागडी पिशवी मागवली, कारण तिच्यावर ‘युरिनरी’ छापलं होतं. ती खडा विरघळवणारी, लघवी आम्ल करणारी होती हे बारीक अक्षरांत होतं. कुणी म्हणालं व्हिटॅमिन सी चांगलं, ते भाकरीत कुस्करून घातलं. शेजारच्या काकूंनी कुळथाचं पाणी सुचवलं, तेही रोज वाटीभर. १४ महिने मी इतक्या निष्ठेने सेवा केली की बायको म्हणाली, “माझ्या गुडघ्यांसाठी एवढं केलं असतंत तर मी अजिंक्यतारा चढले असते.” चौदाव्या महिन्यात बंड्या पुन्हा पेरूपाशी ताटकळत उभा.

दुसऱ्या ऑपरेशनला डॉक्टर वेगळे होते. त्यांनी आधी विचारलं, “मागच्या खड्यांचा रिपोर्ट?” मी गप्प. या वेळचे खडे त्यांनी माणसांचे मुतखडे तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत पाठवले. तिच्या फॉर्मवर जनावरासाठी रकाना नव्हता, म्हणून अहवालावर ‘मास्टर बंड्या, पुरुष, वय ६’ असं छापून आलं. खाली होतं : कॅल्शियम ऑक्झलेट. आम्ल करणारा आहार आणि व्हिटॅमिन सी, दोन्ही त्याला नको असलेल्या गोष्टी. पहिले सात खडे कसले होते ते मात्र अजून माहीत नाही. कदाचित ते स्ट्रुव्हाइट असतील आणि मी सुरुवातीला बरोबर वाटेवर असेन. कदाचित तेही ऑक्झलेटच असतील आणि १४ महिने मीच त्याला खडे भरवत असेन. डबी अजून कपाटात आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८१ साली डॉ. कार्ल ऑसबोर्न यांनी जनावरांच्या खड्यांचं एक केंद्र सुरू केलं. तिथे पशुवैद्यांनी पाठवलेला खडा तपासून कळवतात, त्याचे पैसे घेत नाहीत. तेव्हापासून लाखो खडे तिथे तपासले गेले. त्यातूनच कळलं की पूर्वी मांजरांत स्ट्रुव्हाइटचं राज्य होतं आणि पुढे ऑक्झलेट वाढत गेला. खडे कुणीतरी जपून ठेवले, मोजले, मांडले, म्हणून हे कळलं. आपल्याकडे बहुतेक खडे डबीत जातात, नाहीतर ऑपरेशनच्या टेबलाखालच्या बादलीत.

“कुत्र्यामांजरांचे लाड सरकारने का पुरवावेत?” असं कुणी म्हणेल. मग बोकडाचं बोला. बकरी ईदसाठी धान्य चारून पोसलेले बोकड, लहानपणीच खच्ची केलेले, मुतखड्याने अडतात हे सातारा-सांगलीतला कुठलाही शेळीपालक सांगेल. खडा लिंगाच्या टोकाच्या बारीक शेंड्यात अडकतो, म्हणून डॉक्टर तो शेंडाच कापतात. बैलात तो मूत्रनळीच्या वळणात अडकतो. धान्यातल्या फॉस्फरसने होणाऱ्या खड्यांवर आहारात अमोनियम क्लोराइड घालतात, तेही लघवी आम्ल करायलाच. म्हणजे बोकड काय, बैल काय आणि बंड्या काय, प्रश्न एकच आहे आणि तो तपासणारं यंत्रही एकच आहे.

आमच्या जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. परळला मुंबईचं महाविद्यालय १८८६ पासून उभं आहे. नागपूर, परभणी, उदगीरलाही आहेत. सगळी एका विद्यापीठाखाली. माझी मागणी एवढीच की यांपैकी निदान एका ठिकाणी खडे-तपासणी कक्ष असावा, त्याचा दर जाहीर असावा आणि त्याचा पत्ता राज्यातल्या प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला असावा. खडा ही पाठवायला जगातली सर्वात सोपी वस्तू आहे. वाळवला की नासत नाही, सांडत नाही, बर्फ लागत नाही. हे मी पोस्टमन म्हणून सांगतो.

आता झाडपाल्याचं. मी त्याच्या विरोधात नाही, माझ्या आजीने गोखरूच्या काढ्यावर अर्धं गाव बरं केलं असं आमच्या घरात मानतात. वायवर्णा, गोखरू, पुनर्नवा, कुळीथ यांच्यावर काम झालेलं आहे, पण बरंचसं काचेच्या नळीतलं आणि उंदरातलं. कुत्र्यामांजरात कोणतं, किती, कोणत्या खड्यावर, याचं भरवशाचं उत्तर मिळत नाही. आणि खडा कसला हेच माहीत नसेल तर मिळणार कसं? त्यातून नावांचा घोळ. आपल्याकडे घराघरांतल्या कुंड्यांत जी पानफुटी ‘पाषाणभेद’ म्हणून वाढते, तो मूळचा हिमालयातला पाषाणभेद नव्हे. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्यं असतात. तिच्याच कुळातल्या झाडांनी ऑस्ट्रेलियात गुरं मेली आहेत. आपल्या विद्यापीठाने या चार-पाच वनस्पती कुत्र्यामांजरांवर नीट तपासून एक पानभर मराठी पत्रक काढलं तरी पुष्कळ होईल.

आमच्या आळीत एक बोका होता, केशरी, सगळ्यांचा. तो वाळूत बसून कुंथायला लागला तेव्हा घरच्यांना वाटलं बद्धकोष्ठ. मग लघवीचं आहे म्हटल्यावर माणसांचं मुतखड्यावरचं सरबत पाजलं, पानफुटीचा रस पाजला. बोक्याची मूत्रनळी टोकाला इतकी अरुंद असते की बारीक वाळू आणि चिकट द्रव्याचा बोळाही तिला पुरतो. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं, दोन-तीन दिवसांत. त्या सरबतात पोटॅशियम सायट्रेट होतं. तोटी बंद असताना वरून टाकी भरल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे बोका गेला. गंमत बघा, तेच पोटॅशियम सायट्रेट आज बंड्याला डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज जेवणातून मिळतं, कारण त्याची लघवी आम्ल आहे आणि वाट मोकळी आहे.

मुंबईत महालक्ष्मीला २०२४ पासून लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय झालं, चांगलं झालं. पण बोका कराडला अडतो आणि रात्रीच अडतो. तालुक्याच्या चिकित्सालयात आणि १९६२ या फोन क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पथकात मांजराच्या मापाची, साडेतीन फ्रेंचची (हे नळीच्या जाडीचं माप) नळी ठेवणं आणि ती घालायला शिकवणं, याला किती खर्च येईल? “नर मांजर कुंथतंय आणि लघवी होत नाही, तर सकाळची वाट बघू नका” एवढं वाक्य दवाखान्याच्या फळ्यावर लिहायला तर खडूच लागतो.

बाकीचं आम्ही घरी करतो. बंड्याच्या जेवणात आता जेवणाइतकंच पाणी असतं, बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं चिकनचं पाणी त्याला आवडतं. दिवसातून पाच वेळा बाहेर नेतो. पूर्वी बायको आणि मी नात्यातल्या लग्नाला गेलो की तो दहा-दहा तास दाबून बसायचा, ते बंद केलं. वजन दोन किलोने उतरवलं. महिन्यातून एकदा डॉक्टर त्याच्या लघवीचं घनत्व, म्हणजे ती किती दाट आहे ते, बघतात, ते १.०२०च्या खाली राहायला हवं (मांजरात १.०३०च्या खाली चालतं). मी ते वहीत टिपतो. गेल्या महिन्यात १.०१६ आलं तेव्हा मी पेढे आणले. बंड्याला दिले नाहीत.

सोबत स्पीड पोस्टाने एक डबी पाठवत आहे. त्यात २०२२च्या ऑपरेशनमधले सातही खडे आहेत, धुऊन, वाळवून, कापसात गुंडाळलेले. मला ते परत नकोत. शिरवळला असो वा परळला, कक्ष सुरू झाला की हा नमुना क्रमांक १ म्हणून घ्यावा आणि अहवाल माझ्या पत्त्यावर कळवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन, कराड, जि. सातारा