कुलवृत्तांतात आईला एकच ओळ?

महोदय,

वडोदऱ्यातल्या मराठी माणसाला मूळ गाव विचारले की तो वडिलांकडचे, कोकणातले नाहीतर देशावरचे गाव सांगतो. पाहिलेले असो वा नसो. मीही तेच सांगत आले. अलीकडे आईशी निवांत बोलणे होऊ लागले आणि ते उत्तर मला तोकडे वाटू लागले.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींनाही. आईची आजी त्याच काळात शाळेत गेली. तिने हट्टाने लेकीला शिकवले, लेकीने माझ्या आईला. माझे वाचनाचे वेड, वाद घालायची खोड (घरच्यांच्या मते दुर्गुण) दांडिया बाजारातल्या त्या माजघरातून आलेली आहे. मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीत शिरणेही आईचेच. पुण्याचे नातेवाईक हसतात, हसोत बापडे.

आमच्या छापील कुलवृत्तांतात मात्र आई एका ओळीत आटोपली आहे: माहेरचे नाव, वडिलांचे नाव, लग्नाचे साल. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. त्याच बडोद्यातल्या साध्या घरांतल्या बायकांची नोंद कोण ठेवणार?

कुलमंडळांनी पुढच्या आवृत्तीत लेकीसुनांना निदान अर्धे पान द्यावे. मजकूर त्यांना स्वतःला विचारून लिहावा, घरातल्या पुरुषांना विचारून नव्हे. कागदाचा वाढीव खर्च माझ्या वाट्यापुरता मी देईन.

— एक वाचक, वडोदरा