शिकाऊ वैमानिकांच्या घरच्यांनाही कुणी चार गोष्टी सांगा

महोदय,

२०२५च्या डिसेंबरच्या सुरुवातीला, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होत असताना, देशभर विमानं रद्द झाली तेव्हा आपल्या दैनिकात वैमानिकांच्या विश्रांतीवर बरंच छापून आलं. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर का नेली, ते मी बारकाईने वाचलं. मी मध्य रेल्वेचा निवृत्त मोटरमन आहे, त्यामुळे विश्रांतीचा विषय मला परका नाही. पण वैमानिकाचा ताण नोकरीत शिरण्याच्या कितीतरी आधी, शिकतानाच सुरू होतो आणि त्यात आम्हा घरच्यांचा वाटा मोठा असतो, हे कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी न्यूझीलंडमध्ये कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, शिकते आहे. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार झाला आणि पाठोपाठ तिच्या फ्लाइंग स्कूलला नाताळची सुट्टी लागली. तिथे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. २५-२६ डिसेंबर आणि १-२ जानेवारी या सरकारी सुट्ट्या, आणि मधल्या दिवसांतही इन्स्ट्रक्टर बायकामुलांना घेऊन समुद्रावर गेलेले. विमानं दोरांनी जमिनीला बांधून ठेवलेली. रात्रीचे साडेआठ वाजून गेले तरी उजेड असतो. आकाश मोकळं, दिवस मोठा, आणि ही मुलं खोलीत.

अशा वेळी मुंबईतून फोन सुरू होतात. मावशी विचारते, आत्या विचारते, सोसायटीतले काका विचारतात, "किती तास झाले गं?" शिकाऊ वैमानिकांच्या पालकांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथे कुणी आपल्या मुलाचे दीडशे झाल्याचं टाकलं की बाकीच्यांची झोप उडते. आपल्याकडच्या लायसन्ससाठी उड्डाणाचे एकूण २०० तास लागतात. त्यातले १०० विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवलेले असावे लागतात, आणि अर्ज करण्याआधीच्या सहा महिन्यांत किमान १५ तास झालेले लागतात. त्यामुळे पालकांच्या जिवाला घोर लागतो, हे मला कळतं. आमच्या घरावरही कर्ज आहे. शाळेला सुट्टी असली तरी बँकेचं व्याज थांबत नाही आणि तिथलं खोलीभाडंही थांबत नाही. निवृत्तीची रक्कम कुठे गेली, ते मी रोज पासबुकात बघतो.

पण हा घोर फोनवरून मुलांच्या गळ्यात घातला तर पुढे काय होतं, ते ऐका. सुट्टी संपली म्हणून मुलांना लगेच एकट्याने उडू देत नाहीत. मोठा खंड पडला की इन्स्ट्रक्टर आधी स्वतः शेजारी बसून हात तपासतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच विमान हवं असतं, त्यामुळे रांग लागते. त्यात न्यूझीलंडचा वारा. सकाळी शांत असलेली धावपट्टी दुपारी आडव्या वाऱ्यात सापडते. "आज नको, उद्या उडते" असं म्हणायला त्या वयात फार धीर लागतो, आणि रोज घरून तासांचा हिशेब मागितला जात असेल तर तो धीर खचतो.

वैमानिकांना उड्डाणाआधी स्वतःची तपासणी करायला शिकवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'आय एम सेफ' म्हणतात: आजार, औषध, मानसिक ताण, मद्य, थकवा, मनःस्थिती. यातल्या प्रत्येकाचं उत्तर ज्याचं त्याने, मनाशी खरं बोलून द्यायचं असतं. रेल्वेत आमच्या लॉबीत, म्हणजे ड्युटीवर हजेरी लावायच्या जागी, साइन ऑन करताना ब्रेथ अॅनलायझर तोंडाला लावायचे. दारू त्यात पकडली जायची. घरून आलेला बोजा पकडणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं आणि आज या मुलांकडेही नाही.

रेल्वेला हे फार पूर्वी कळलं होतं. गाडी चालवणाऱ्यांच्या कुटुंबीयांना बोलावून रेल्वेत बैठका घेतात. माझी पत्नी अशा एका बैठकीला गेली होती. नाइट करून आलेल्या माणसाला बँकेच्या कामासाठी उठवू नका, ड्युटीवर निघताना पैशांचा विषय काढू नका, असं तिथे साध्या शब्दांत सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात मी झोपलो की दाराच्या बेलचं बटण बंद व्हायचं आणि कुकर स्वयंपाकघराचं दार लावून लागायचा. मुलगी तेव्हा लहान होती. बाबा झोपलेत म्हणून ती खेळण्यातल्या गाडीची चाकं हाताने धरून गाडी उचलून न्यायची. माझ्या नोकरीत कुणाला इजा झाली नाही. त्यात त्या बंद बेलचाही वाटा आहे, असं मी मानतो.

आता तिची सुट्टी कशी गेली, ते सांगतो. नाताळच्या दिवशी तिथे बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात, सुपरमार्केटही. तिने आदल्या दिवशी दूध-भाजी आणून ठेवली होती. शेजारच्या खोलीतल्या मुलांना हे माहीत नव्हतं, त्यांनाही हिनेच खिचडी करून घातली. त्याच दिवशी नवी मुंबई विमानतळावरून पहिली प्रवासी विमानं उडाली. तिच्या मैत्रिणींनी तिला त्याचे व्हिडिओ पाठवले आणि तिने ते पुन्हा पुन्हा पाहिले.

मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती जेवणाच्या खुर्चीवर ताठ बसली होती. समोरच्या कपाटावर कॉकपिटचा मोठा कागद चिकटवलेला. डोळे मिटून हात फिरत होता आणि तोंडाने चाललं होतं: नाक खाली, ६८ नॉट, उतरायला जागा, फ्युएल सिलेक्टर, मिक्स्चर, मॅग्नेटो. सेसना १७२ चं इंजिन हवेत बंद पडलं तर काय करायचं, त्याची ती उजळणी होती. याला ते चेअर फ्लाइंग म्हणतात. मी फोन तसाच धरून गप्प राहिलो. गाडीच्या केबिनमध्ये आम्हीही सिग्नल मोठ्याने पुकारायचो, तोंडाने म्हटलं की डोळा चुकत नाही. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी तिने हँगरवर जाऊन विमानं पुसली होती. उन्हाळ्यात पंखाच्या पुढच्या कडेवर किडे आपटून वाळतात. ते ओल्या फडक्याने भिजवून, न खरवडता काढावे लागतात. हे सांगताना ती खुशीत होती. या सगळ्याचा एकही तास लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या नोंदवहीत, चढत नाही, म्हणून घरी कुणी त्याबद्दल विचारत नाही.

त्या गावातल्या एका मराठी कुटुंबाने तिला ३१ तारखेला जेवायला बोलावलं. वरण-भात, बटाट्याची भाजी, वर पापड. जेवण झाल्यावर ती त्यांच्या सोफ्यावर दुपारभर झोपली, आणि त्यांनी तिला झोपू दिलं. रात्री त्यांच्याकडे बारा वाजले तेव्हा मुलुंडमध्ये दुपारचे साडेचार झाले होते. फोनवर तिचा आवाज हलका वाटला. त्या कुटुंबाचे आभार कसे मानावेत, मला कळत नाही. परदेशातल्या आपल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे की, दिवाळीच्या कार्यक्रमाला या मुलांना बोलावता, तसं नाताळच्या रिकाम्या दिवसांतही बोलवा. दिवाळीत निदान वर्ग चालू असतात. (फराळ पाठवणाऱ्यांसाठी जाता जाता: न्यूझीलंडचे खाद्यपदार्थांचे नियम कडक आहेत. खव्याची मिठाई, मध पाठवू नका. चिवडा-चकलीही नियम बघूनच पाठवा आणि जाहीर करा.)

माझी खरी मागणी मात्र मुंबईतल्या संस्थांकडे आणि एजंटांकडे आहे. परदेशी प्रशिक्षणासाठी इथे जी माहिती-सत्रं होतात, त्यातल्या एकाला मी गेलो होतो. पडद्यावर गणवेशातले फोटो होते, फीचे हप्ते होते, किती महिन्यांत लायसन्स ते होतं. सुट्टीचा एक शब्द नव्हता. शाळा कधीपासून कधीपर्यंत बंद, त्या काळात वसतिगृह उघडं का, परतल्यावर तपासणीच्या उड्डाणाचे पैसे कोण देणार, हे फी भरण्याआधी लेखी मिळालं पाहिजे. ते मिळालं तर डिसेंबरातले निम्मे फोन होणारच नाहीत.

आणि रेल्वे घेते तशी एक बैठक या पालकांचीही घ्या. जुहूला १९२८ साली विमानतळ झाला, १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथे उतरले. अशा या शहरात आजही कितीतरी निवृत्त वैमानिक राहतात. पालकांनी फोनवर काय विचारावं आणि काय विचारू नये, हे त्यांनी तासभर समोर बसून सांगितलं तर आम्ही ऐकू. आमच्याच माणसाने सांगितलेलं पटत नाही, पण वैमानिकाच्या खुर्चीत बसलेल्याचं पटतं. अशी बैठक घ्यायला कुणी पुढे येणार असेल तर मुलुंडमध्ये सभागृह मिळवणं, खुर्च्या आणि चहा हे मी बघतो. रविवार सकाळ सोयीची पडेल, दूरच्यांना लोकलने यायला मेगाब्लॉकच्या आधी वेळ मिळेल.

आपला,
एक निवृत्त मोटरमन
मुलुंड (पूर्व), मुंबई