मधुमेही पायासाठी एकत्रित बाह्यरुग्ण विभाग हवा

महोदय,

मधुमेहाने तळपायाची संवेदना गेल्यामुळे माझ्या वडिलांना बूट लागून अंगठ्याखाली झालेला फोड कळलाच नाही. मोज्यावर रक्ताचा डाग दिसला, तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. पुढचे तीन महिने आम्ही पुण्यात दवाखाने पालथे घातले. कोणी मलमपट्टी केली, कोणी प्रतिजैविके बदलली, पण पायापर्यंत रक्त नीट पोहोचते का, हे कोणीच तपासले नाही.

अशी जखम एका उपायाने क्वचितच भरते. अरुंद झालेली रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने मोकळी करणे, मृत ऊती काढणे, हवाबंद पट्टीतून यंत्राने स्राव शोषून घेणे, गरजेनुसार त्वचारोपण करणे आणि (याचीच सर्वाधिक हेळसांड होते) प्लास्टर किंवा खास पादत्राणाने जखमेवरचा भार हटवणे, या साऱ्यांचा मेळ एकमेकांशी बोलणाऱ्या डॉक्टरांनी घालावा लागतो. साखर आटोक्यात हवी, हे ओघाने आलेच.

देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असताना महापालिकेच्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस तरी मधुमेहतज्ज्ञ, शल्यविशारद आणि रक्तवाहिनीतज्ज्ञ एकत्र बसतील, असा बाह्यरुग्ण विभाग सुरू करावा, ही कळकळीची विनंती. वडिलांचा पाय वाचला. अंगठा मात्र गेला.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे