ही हौस नव्हे, आणि धुऊ तर मुळीच नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत इंग्लंडमधल्या शाळकरी मुलींच्या जुन्या ‘सॅम्प्लर’वर, म्हणजे टाक्यांच्या सरावासाठी अक्षरे-अंक-नक्षी भरलेल्या कापडांवर, लेख आला, याचा आनंद झाला. पण त्याला ‘हौसेचे विणकाम’ म्हटले आहे, ते पटले नाही. एक तर हे भरतकाम, विणकाम नव्हे. आणि गरीब मुलींच्या बाबतीत हौसेचा प्रश्नच नव्हता.

त्या काळी चादरी, अभ्रे, टॉवेल यांच्या कोपऱ्यात मालकाची आद्याक्षरे आणि नगाचा क्रमांक फुलीच्या टाक्याने भरत. आपल्याकडे धोबी शाईने खूण करतो तसेच. क्रमांकामुळे डझनातला प्रत्येक नग पाळीपाळीने वापरात येई. घरकामाला जाणाऱ्या मुलीला हे यावेच लागे. ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर यांच्या अनाथाश्रमातल्या मुलींची कापडे पाहा: वेगवेगळ्या वळणांची मुळाक्षरे आणि अंक, दाटीवाटीने, बहुधा एकाच लाल सुती दोऱ्यात. लालच का? तर तो रंग उकळत्या पाण्यातही टिके.

जुन्या कापडांवर पुष्कळदा ‘जे’ आणि ‘यू’ ही अक्षरे नसतात. ती मुलीची चूक नव्हे. ‘आय-जे’ आणि ‘यू-व्ही’ एकच मानायची जुनी रीत नमुन्यांतून उतरत आली. चूक व्हायची ती दोरे मोजण्यात. एक फुली दोन उभ्या, दोन आडव्या दोऱ्यांवर. अक्षर पाच फुल्या रुंद आणि मध्ये एक मोकळी सोडली, तर एका अक्षराला बारा दोरे. दहा अक्षरांना एकशेवीस. हा हिशेब आधी केला नाही की ओळ किनारीला धडकते, आणि शेवटचे अक्षर बारीक करून वरच्या फटीत कोंबावे लागते. अशी कोंबलेली अक्षरे मला तरी सुबक फुलापानांपेक्षा जास्त बोलकी वाटतात.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एलिझाबेथ पार्करचे 1830च्या सुमाराचे कापड आहे. ते शाळेतले नव्हे, पण कसब तेच. ससेक्समधली ही मोलकरीण. आपल्याला लिहिता येत नाही, असे सांगत तिने मालकांचा छळ आणि जीव देण्याचा विचार लाल रेशमाने भरला आहे. ना किनार, ना नक्षी. मजकूर वाक्याच्या मध्येच थांबतो. पुढे ती शिक्षिका झाली.

लेखातला ‘रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवावे’ हा सल्ला मात्र कृपया मागे घ्यावा. जुन्या रेशमाचा रंग फुटून कापडावर पसरतो. काळे-तपकिरी रेशीम लोहयुक्त रंगामुळे आधीच कुजलेले असते, ते पाण्यात गळून पडते. काही बायका पुढे वय लपवायला आपल्या कापडावर भरलेल्या सालाचे टाके उसवत. सुईची भोके तेवढी राहत. धुऊन इस्त्री केली की तीही बुजतात.

धुण्याऐवजी मागची बाजू पाहावी. पुढची निळी पाने मागे हिरवी निघतात, कारण निळीवर चढवलेला पिवळा रंग उजेडाने आधी उडतो. मागे लाकडी फळी असेल तर काढावी, तिच्या आम्लाने कापड तपकिरी पडते. काच कापडाला टेकू देऊ नये, डिंक लावू नये, उन्हाची भिंत टाळावी. आपल्या घरांत शाळेतल्या शिवणाच्या तासाला भरलेल्या मॅटीच्या चौकटी असतील, त्यांनाही हेच लागू.

– एक वाचक, पुणे