सौदी-पाक करार आणि डिसेंबरची मुदत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी १७ सप्टेंबर २०२५ रोजी रियाधमध्ये परस्पर संरक्षण करार केला. त्यावरची आपल्याकडची चर्चा बहुतेक अणुबॉम्बभोवतीच फिरली. ‘एकावरचे आक्रमण हे दोघांवरचे आक्रमण’ हे संयुक्त निवेदनातले वाक्य सगळ्यांनी उचलले. या नात्याची नाडी मात्र कराचीत, पाकिस्तानच्या स्टेट बँकेच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, खातेवहीत सापडते.

२०२५ मध्ये या बँकेत सौदीच्या ५ अब्ज डॉलरच्या ठेवी होत्या. त्यातले ३ अब्ज २०२१चे, २ अब्ज जुलै २०२३चे. ही खैरात नव्हे. २०२१च्या ठेवीवर ४ टक्के व्याज ठरले होते आणि मुदत एक वर्षाची. ती संपत आली की इस्लामाबादने विनंती करायची आणि रियाधने वर्षभर वाढवून द्यायची. जून २०२५ अखेर स्टेट बँकेची परकीय गंगाजळी साधारण साडेचौदा अब्ज डॉलर होती. म्हणजे त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसा एकट्या सौदीचा! हा पैसा गंगाजळीत दिसतो, पण त्याला हात लावणे परवडत नाही. तो खर्च झाला आणि मुदत वाढली नाही, तर फेडायला डॉलर आणायचे कुठून? सप्टेंबर २०२४ मध्ये नाणेनिधीने ७ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, तोही सौदी, चीन आणि अमिराती यांनी आपले पैसे काढून घेणार नाही अशी हमी दिल्यावरच. एकाने हात आखडला की सगळा डोलारा हलतो.

तेलाचेही तसेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये सौदी विकास निधीशी १.२ अब्ज डॉलरचा उधारीचा करार झाला. महिन्याला साधारण १० कोटी डॉलरचे तेल घ्यायचे आणि पैसे वर्षभराने द्यायचे. १९९८च्या चगाई अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हाही सौदी तेलानेच पाकिस्तानला तारले होते.

ही दोरी ओढली की काय होते, ते २०२० मध्ये दिसले. काश्मीरवर इस्लामी सहकार्य संघटनेची बैठक बोलावली जात नाही, म्हणून पाकिस्तानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी यांनी ऑगस्टमध्ये सौदीवर जाहीर नाराजी व्यक्त केली. २०१८च्या ३ अब्जांच्या ठेवीतले पैसे त्याच वर्षी परत मागितले गेले, उधारीचे तेल थांबले आणि चीनकडून उसने घेऊन पाकिस्तानला फेड करावी लागली.

दुसऱ्या बाजूची गरज माणसांची आहे. सौदीचे २०२५चे संरक्षण अंदाजपत्रक ७० अब्ज डॉलरच्या वर, तर पाकिस्तानचे जेमतेम ९ अब्ज. पण २०२२च्या जनगणनेनुसार सौदी नागरिक १ कोटी ८८ लाख, आणि पाकिस्तानची लोकसंख्या २४ कोटी. विमाने विकत घेता येतात, लढणारे मनुष्यबळ उभे करायला पिढ्या जातात. १९८०च्या दशकात पाकिस्तानी सैन्याची मोठी तुकडी सौदीतल्या तबूकमध्ये तैनात होती, ती याच कारणाने. पण हे मनुष्यबळ हुकमी नाही. २०१५ मध्ये येमेनच्या युद्धासाठी सौदीने विमाने, जहाजे आणि सैनिक मागितले, तेव्हा पाकिस्तानी संसदेने १० एप्रिलला तटस्थतेचा ठराव एकमताने केला. २०१८ मध्ये जादा सैनिक गेले, तेही प्रशिक्षण आणि सल्ल्यासाठी, सौदीच्या हद्दीतच राहण्याच्या अटीवर.

म्हणून ‘आक्रमण’ या शब्दाचा अर्थ कोण ठरवणार, हा प्रश्न मला कळीचा वाटतो. एकावरचा हल्ला सर्वांवरचा मानणाऱ्या ‘नाटो’च्या पाचव्या कलमातही मदत कोणती करायची हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. रियाधच्या कराराचा पूर्ण मसुदा तर जाहीरच झालेला नाही. करारानंतर महिन्याभरातच पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात चकमकी पेटल्या. सौदीने तेव्हा संयमाचे आवाहन केले, सैन्य पाठवले नाही.

भारताने याकडे दुर्लक्ष करावे, असे मी अजिबात म्हणत नाही. सौदी पैशातून पाकिस्तानची शस्त्रखरेदी वाढू शकते, हा धोका खरा आहे. पण सौदीचे हितसंबंध आपल्याशीही बांधलेले आहेत. २०२३-२४ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार ४३ अब्ज डॉलरच्या घरात होता आणि लाखो भारतीय तिथे कामाला आहेत, त्यात कोकणातली माणसेही आहेत. नाणारच्या ६ कोटी टनांच्या रिफायनरीसाठी सौदी तेल कंपनी अरामकोने २०१८ मध्ये सामंजस्य करार केला होता. तो प्रकल्प तिथे झाला नाही, आणि स्थानिकांचा विरोध समजण्यासारखा होता. पण सौदी गुंतवणूक आपल्याकडे अडते कुठे, याचाही हिशेब दिल्लीने याच वेळी मांडायला हवा.

आपल्या दैनिकाला एक विनंती. २०२१च्या ३ अब्जांच्या त्या ठेवीची मुदत आजवर डिसेंबरमध्ये येत आली आहे. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकू नये. मुदत किती वाढली, व्याज किती लावले, त्याच सुमारास कोणते सेनाधिकारी रियाधला जाऊन आले आणि तेलाची उधारी पुढे चालू राहिली का, हे एकत्र छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, रत्नागिरी