प्लॅन वाढवण्याआधी घरातली वायर बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा माझ्या धाकट्या बहिणीच्या नव्या फ्लॅटवर गेले होते, कळंब्याच्या बाजूला. अजून रंग लागायचा आहे. बिल्डरनं चारही खोल्यांत नेटवर्कचा पॉइंट काढून दिलाय, याचं तिला मोठं कौतुक. मी लॅपटॉप आणि आमचा छोटा स्विच (नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडायचा डबा) मुद्दाम बरोबर नेला होता. एकेका पॉइंटला लॅपटॉप लावून बघितला. तीन खोल्यांत स्पीड १०० मेगाबिट दिसला, चौथ्या खोलीत काहीच लागेना. दिसायला हवा होता १०००. घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले, कारण त्या १०० च्या आकड्यानं आमच्या घरात दीड वर्ष काढलंय आणि त्यापायी काय काय झालं ते मी विसरलेले नाही.

आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. माझे मिस्टर लग्नाचे फोटो काढतात, मी १८ वर्षं घरातूनच अल्बम डिझाइन करते. त्यांचा कॉम्प्युटर खाली पुढच्या खोलीत, माझा वर माडीवर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी पुढच्या खोलीत शिरलं तेव्हापासून घरात एक नियम आहे: कॅमेऱ्याच्या कार्डावरनं खाली उतरवलेले फोटो त्याच रात्री वरच्या कॉम्प्युटरवरही गेले पाहिजेत. लोकांच्या घरचं लग्न एकदाच होतं. फोटो गेले तर परत काढता येत नाहीत.

आधी हे सगळं वायफायवर चालायचं आणि फारच रडतखडत चालायचं, सेकंदाला तीन-चार मेगाबाइट. आमच्या बोळात घराला घर लागलेलं, प्रत्येक घरात एक राउटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एवढ्या घरांनी ते वाटून घ्यायचे. त्यात दोन्ही कॉम्प्युटर वायफायवर असले की प्रत्येक फोटो हवेतून दोनदा जातो, खालून राउटरकडे आणि राउटरकडून वर, म्हणजे आहे तो वेगही निम्मा. म्हणून २०२३ च्या सुरुवातीला जिन्यातून केबल टाकून घेतली. वेग तीनवरनं अकरावर गेला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पण मोठं लग्न असलं की दोन दिवसांचे, दोन कॅमेऱ्यांचे फोटो आणि व्हिडिओ मिळून १२० जीबी सहज भरतात. सेकंदाला ११ मेगाबाइटनं ते वर जायला तीन तास लागतात. रात्री साडेबाराला कार्यालयातून आलेल्या माणसानं आणखी तीन तास जागायचं? तक्रार केली तेव्हा इंटरनेट देणाऱ्यांचा मुलगा येऊन बघून गेला. म्हणाला, "वैनी, तुमचं फोटो लई मोठं असत्यात, प्लॅन बारका पडतोय. दोनशेचा घ्या." घेतला. महिन्याला ४५० रुपये जास्त, असे १४ महिने भरले, म्हणजे ६,३०० रुपये. कॉपी होताना खिडकीत आकडा तोच, ११.

आता मला कळतं की त्या प्लॅनचा आणि आमच्या कामाचा संबंधच नव्हता. खालच्या कॉम्प्युटरवरनं वरच्या कॉम्प्युटरवर जाणारा फोटो घराबाहेर पडतच नाही. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन शहरात आली म्हणून आपल्या गच्चीवरच्या टाकीतून मोरीत येणारी अर्ध्या इंचाची नळी काही रुंद होत नाही, तसंच हे. प्लॅन म्हणजे बाहेरून घरात येणारं पाणी. फाइल वर न्यायची ती घरातल्या नळीतून. ही एक गोष्ट मला त्या दिवशी कुणी सांगितली असती तर पैसे वाचले असते, आणि पैशापेक्षा मोठी एक गोष्ट वाचली असती, ती सांगते.

काम संथ असलं की माणूस ते उद्यावर ढकलतो. आम्हीही ढकललं. मे-जूनच्या लग्नांचे फोटो वर न्यायचे राहत गेले आणि जुलै २०२४ मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर आली तेव्हा खालच्या डिस्कवर ७०० जीबी असा माल होता ज्याची दुसरी प्रत नव्हती. कॉपी लावली. खिडकीनं हिशोब दाखवला, साडेसतरा तास. पुढे पाणी ४३ ची धोक्याची खूण ओलांडून गेलं, खबरदारी म्हणून लाइट बंद केली गेली, कॉपी निम्म्यावर तुटली. मिस्टरांनी आणि मुलानं अंधारात, बॅटरीच्या उजेडात तो कॉम्प्युटर उचलून जिन्यानं वर नेला. एक पाय घसरला असता तर अकरा लग्नांचे फोटो गेले असते. काही झालं नाही, देवीची कृपा. पण त्या रात्री मी एकेका नवरीचा चेहरा आठवत बसले होते.

गणपतीला मिस्टरांचा भाचा आला. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मामी, हा आकडा कमी-जास्त होतो का कायम अकराच असतो?" कायम अकरा, मी म्हटलं. तो म्हणाला, मग अर्धं निदान झालं. वायफायचा दोष असता तर आकडा नाचला असता, डिस्क दमली असती तर सुरुवातीला पळून मग बसला असता. अकरावर खिळलाय म्हणजे कुठंतरी शंभराचं कुलूप आहे. प्लॅन आणि वायरचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, कॉपीच्या खिडकीत मेगाबाइट दिसतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठानं भागलं की साडेबारा, त्यातनं वाटखर्च गेला की अकरा उरतात. म्हणून आमचा अकरा. आजच्या साध्या कॉम्प्युटरलाही हजाराचं कार्ड असतं, तिथं सेकंदाला ११० मेगाबाइट मिळायला हवेत.

मग त्यानं जे केलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी आकडा बघायचा. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग लिहिलेला असतो. खालच्या कॉम्प्युटरला तो १०० दिसला. त्याची वायर होती राउटरच्या मागं, आणि कंपनीनं दिलेल्या त्या राउटरची वायरची भोकंच शंभराची निघाली. म्हणजे दोनशेच्या प्लॅनसाठी आम्ही पैसे भरत होतो आणि वायरीनं जोडलेल्या कॉम्प्युटरला शंभराच्या वर काही मिळणारच नव्हतं. ते दुरुस्त होत नाही. लक्ष्मीपुरीतून पाच भोकांचा गिगाबिट स्विच आणला, १,२०० रुपयांना. दोन्ही कॉम्प्युटरच्या वायरी त्यात घातल्या आणि स्विचमधून एक वायर राउटरला दिली. खाली १००० दिसले. वर तरीही १००.

तेव्हा त्यानं माझा कॉम्प्युटर उचलून खाली आणला आणि दीड मीटरच्या नव्या वायरनं त्याच स्विचला लावला. १०००. म्हणजे कॉम्प्युटर चांगला, कार्ड चांगलं, स्विच चांगला. राहिली जिन्यातली केबल.

वरच्या खोलीतला सॉकेट उघडला. केबलच्या पोटात आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभराच्या वेगाला दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. हजाराला चारही लागतात. आमची तपकिरी जोडीतली एक तार सॉकेटच्या तोंडाशीच तुटलेली होती. अशा वेळी बरीच यंत्रं कुरकुर न करता गुपचूप शंभरावर उतरतात. इंटरनेट चालतं, व्हिडिओ दिसतात, कुणाला शंका येत नाही. आमचं तेच झालं होतं.

भाच्यानं तार पुन्हा बसवली, ती पुन्हा तुटली. मग त्यानं ब्लेडनं तार खरवडली. वर तांब्याचा रंग आणि आत पांढरी चंदेरी. तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम. बाजारात याला सीसीए म्हणतात. केबलवर मात्र कॅट ६ असं, म्हणजे जास्त वेगाच्या केबलच्या प्रतीचं नाव, ठळक छापलं होतं. ॲल्युमिनियमची तार ठिसूळ, दोनदा वाकवली की मोडते, आणि तांब्यापेक्षा तिचा विरोधही जास्त. कॅट ५ई असो की कॅट ६, प्रमाणाप्रमाणे तार शुद्ध तांब्याचीच लागते. वर ही केबल लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेली होती. तेही चूक. २३० व्होल्टची वायर आणि डेटाची वायर वेगळ्या पाइपातून न्यायला हवी, सिग्नलसाठीही आणि जिवासाठीही.

शुद्ध तांब्याची २२ मीटर केबल आणून दुसऱ्या पाइपातून ओढली. भाच्यानं आयपर्फ नावाच्या छोट्या प्रोग्रामनं डिस्क मध्ये न आणता नुसती वायर तपासली, ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला. त्या रात्री आम्ही राहिलेला सगळा ७०० जीबी माल वर लावला. बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाताना वेग ३०-३५ मेगाबाइटवर बसायचा, कारण ती मी जुन्या यूएसबी २ च्या भोकात लावली होती. निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या भोकात लावली आणि तेही मिटलं. ज्या फोल्डरमध्ये हजारो बारीक फोटो आहेत तो अजूनही हळू जातो, कारण प्रत्येक फाइल उघडणं, नोंदणं, अँटीव्हायरसनं तपासणं वेगळं होतं. असा फोल्डर मी आधी एका झिप फाइलमध्ये बांधते. सगळं धरून पहाटेच्या आत संपलं. मिस्टर तोवर झोपले होते, मी जागी होते, बघत.

एका गोष्टीबद्दल कळकळीनं सांगते. आमच्या ओळखीच्या एका स्टुडिओत विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर आहे. तो नव्या कॉम्प्युटरला दिसत नाही म्हणून त्यांना कुणीतरी सल्ला दिला, नव्या कॉम्प्युटरमध्ये एसएमबी १ चालू करा आणि फायरवॉल बंद करा. कृपा करून असं करू नका. एसएमबी १ ही फाइल वाटण्याची जुनी पद्धत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच दोषातून, आणि त्यानं लोकांच्या फाइली कुलूपबंद केल्या. विंडोज ७ चा सपोर्टही १४ जानेवारी २०२० ला संपला. तो जुना कॉम्प्युटर नेटवर्कमधून काढून ठेवा, हवं तर पेनड्राइव्हनं काम चालवा. लोकांची लग्नं आपल्याकडे विश्वासानं ठेवलेली असतात.

आता बहिणीच्या फ्लॅटकडे येते. तिथल्या केबली भिंतीत गाडल्या आहेत, वर प्लॅस्टर झालंय. दोन खोल्यांचे सॉकेट उघडले, तेच चंदेरी ॲल्युमिनियम. आमच्या जिन्यात पाइप होता म्हणून केबल बदलता आली, इथं काही ठिकाणी पाइपच नाही. मी बिल्डरला किंवा त्याच्या वायरमनला लबाड म्हणत नाही. आमची केबल टाकणारा वायरमनही भला माणूस आहे. त्याला बोलावून ती तुटकी तार दाखवली तेव्हा तो म्हणाला, "दुकानदारानं कॅट सिक्स म्हणून दिली, मी टाकली." त्याच्याकडे आठ दिव्यांचा टेस्टर आहे. पण तो टेस्टर आठ तारा जोडल्यात एवढंच सांगतो, तार कशाची आहे ते सांगत नाही.

म्हणून कोल्हापुरात जे आता घर बांधतायत, फ्लॅट घेतायत, त्यांना माझी विनंती आहे. प्लॅस्टर होण्याआधी केबलचा एक वीतभर तुकडा मागून घ्या आणि ब्लेडनं खरवडून बघा. बिलावर "शुद्ध तांबं" असं लिहून घ्या. केबल पाइपातूनच न्यायला सांगा, म्हणजे उद्या बदलता येईल. आणि शेवटचे पैसे देण्याआधी वायरमनला प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून १००० दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. इंटरनेट कंपन्यांनाही सांगणं आहे: घरातली फाइल हळू जाते अशी तक्रार आली तर प्लॅन विकण्याआधी तुमच्या मुलांना आपल्याच राउटरची भोकं शंभराची आहेत की हजाराची ते बघायला शिकवा आणि गिऱ्हाइकाला ते खरं सांगा.

बहिणीचा रंगारी सोमवारी येणार होता. त्याला पुढचा आठवडा सांगितलाय. हॉलमधली आणि मुलांच्या खोलीतली भिंत आधी फोडायची आहे.

आपली,
अल्बम डिझाइन करणारी एक वाचक,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर